धारावी बेटातील जमीन व आपला समाज : एक ऐतिहासिक समालोचन



मंडळाच्या वार्षिक स्मरणिकेसाठी इतिहासविषयक काही मजकूर द्यावा, अशी सूचना संपादक मंडळाने केली, तेव्हा राजवंशांची नामावळी व लढायांची वर्णने देण्याचा मोह आम्हांसही झाला. परंतु आपल्या आगरी समाजाचा इतिहास पाहू गेल्यास तो दरबारात फारसा सापडत नाही; तो खाडीच्या बांधावर, मिठागरात व भाताच्या शेतात सापडतो. ‘आगर’ या शब्दावरूनच आपणांस नाव मिळाले. ज्या जमिनीने नाव दिले, त्या जमिनीचे पुढे काय झाले, हा प्रश्न प्रत्येक घराने स्वतःस विचारण्याजोगा आहे. यास्तव भाईंदरच्या पश्चिमेकडील मुर्धा, राई, मोर्वा, डोंगरी या पट्ट्यातील भूमीची व तिच्या आधारे उभ्या राहिलेल्या सामाजिक जीवनाची हकीकत आम्ही येथे यथामति सांगत आहोत. तिच्यात अभिमानाची स्थळे आहेत, तशीच खेदाचीही आहेत. खेदाची स्थळे गाळून लिहिलेला इतिहास लग्नपत्रिकेसारखा होतो. तो वाचून कोणाचे हित होत नाही.

भूमी व तिची रचना

साष्टी बेटाच्या वायव्य टोकास उत्तरेला वसईची खाडी व पश्चिमेला अरबी समुद्र यांच्या मध्ये जी डोंगराळ भूशिरे आली आहेत, तो प्रदेश जुन्या कागदांतून धारावी बेट या नावाने ओळखला जातो. मुंबईतील धारावी ती निराळी. या बेटात समुद्राच्या बाजूस उत्तन, पाली, चौक ही मुख्यतः कोळी बांधवांची गावे. भाईंदरच्या बाजूस मुर्धा, राई, मोर्वा ही आपली गावे. आणि टेकड्यांच्या आश्रयाने वसलेले डोंगरी. डोंगरीत व आसपास ख्रिस्ती शेतकरी कुटुंबे फार पूर्वीपासून नांदत आहेत. तेथील बेथलेहेम मातेचे चर्च सतराव्या शतकाच्या आरंभीचे आहे. धर्म निराळा असला तरी भात लावण्याची रीत, पावसाची वाट पाहण्याची रीत व बांधाची काळजी ही सर्वांची एकच होती, हे पुढील विवेचनात लक्षात ठेवावयाचे आहे.

टेकडीचा माथा खडकाळ, उतारावर झाडी व वाड्या, पायथ्याशी गोडी शेते आणि त्याखाली खाडीपर्यंत पसरलेले खाजण, अशी या भूमीची चढती-उतरती रचना आहे. यांपैकी टेकडी देवाची, वाडी घराची आणि खाजण मात्र मनुष्याच्या कष्टाचे. कारण खाजण हे निसर्गाने दिलेले शेत नव्हे. भरतीचे पाणी जेथे दिवसातून दोन वेळा येत असे, ती जागा मातीचा बांध घालून समुद्रापासून सोडवून घ्यावी लागे. बांधात ठिकठिकाणी लाकडी दारांची उघाडी असे. ओहोटीस ती उघडली की आतील पाणी खाडीत निघून जाई, भरतीस ती मिटली की खारे पाणी बाहेर राही. पहिल्या पावसांनी जमिनीतील मीठ धुऊन गेल्यावर तेथे खार सोसणारे लाल भात घेत. बांध घातल्याबरोबर पीक येई असेही नाही. जमीन गोडी होण्यास काही पावसाळे जावे लागत. उलट बांधाला एकदा खांड पडून उधाणाचे पाणी आत शिरले, तर केवळ त्या वर्षाचे नव्हे, पुढील दोन-तीन वर्षांचे पीक बुडे. अशा जमिनीत एकट्याने शेती करता येत नाही. आपल्या समाजातील गावकीच्या बळकटीचे मूळ आम्हांस येथेच दिसते.

पोर्तुगीज व मराठे

साष्टीतील गावांची जुनी नावे ‘महिकावतीची बखर’ या ग्रंथात आढळतात. इतिहासाचार्य राजवाडे यांनी तो १९२४ साली संपादून प्रसिद्ध केला. त्यातील सर्वांत जुना भाग शके १३७० मधील, म्हणजे इसवी सन १४४८ च्या सुमाराचा मानला जातो. तेव्हापासून आजवर या भूमीवर सत्ता किती बदलल्या, हे पाहिले म्हणजे कसणारा मात्र किती स्थिर राहिला याचे आश्चर्य वाटते.

१५३४ च्या डिसेंबरात गुजराथच्या बहादुरशहाने वसई व तिच्या ताब्यातील प्रदेश पोर्तुगीजांस दिला. पोर्तुगीजांनी गावेच्या गावे आपल्या सरदारांस व धर्मसंस्थांस वार्षिक भरण्याच्या बोलीने दिली. या भरण्यास त्यांच्या भाषेत ‘फोरो’ म्हणत. मुंबईच्या जुन्या दप्तरांतील ‘फोरास’ जमिनी व त्यांवरून पडलेले रस्त्याचे नाव हे त्याच शब्दाचे अवशेष होत. मालक किल्ल्यात, कसणारा चिखलात, ही विभागणी आपल्या भागात तेव्हापासून पक्की झाली. धारावी बेटावरच्या खाणींतील दगड वसईच्या तटबंदीसाठी व इमारतींसाठी वापरला गेला. वसईचे भग्न किल्लेदार वाडे पाहावयास आपण जातो, तेव्हा त्यातील दगडांचे माहेर आपल्या टेकड्यांत आहे हे सहसा कोणी सांगत नाही.

१७३७ साली मराठ्यांनी ठाणे व साष्टी घेतली. वसईच्या मोहिमेत धारावीचे महत्त्व फार होते, कारण येथून खाडीच्या मुखावर नजर ठेवता येई. हे ठाणे मराठ्यांच्या हातून एकदा गेले व चिमाजी आप्पांच्या सैन्याने १७३९ मध्ये ते पुन्हा जिंकले. त्याच वर्षी मे महिन्यात वसईचा किल्ला पडला. चौक येथे समुद्राकडे तोंड करून असलेले किल्ल्याचे स्थान आपल्यांपैकी बहुतेकांनी पाहिले असेलच. साष्टीवरील मराठ्यांचा अंमल सुमारे सदतीस वर्षे टिकला. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी कायमची त्यांच्याकडे गेली.

इंग्रजी अमदानी : पट्टे आणि शिलोत्री

इंग्रजी राज्यात साष्टीतील अनेक गावे मुंबईच्या धनिक व्यापाऱ्यांस खोतीने अथवा दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने मिळाली. सरकारचा हिशेब सरळ होता. पडीक व खाऱ्या जमिनी लागवडीस आणावयाच्या, तर बांधाला पैसा हवा. तो व्यापाऱ्याने घालावा व त्याबद्दल गावाचा वसूल घ्यावा. आपल्या शेजारच्या मीरा, भाईंदर व घोडबंदर या गावांच्या बाबतीत १८७० साली रामचंद्र लक्ष्मणजी यांस तब्बल ९९९ वर्षांचा पट्टा देण्यात आला. शेतात समुद्राचे पाणी शिरू नये म्हणून बांध घालावे व राखावे, आणि त्याबद्दल पिकाचा हिस्सा घ्यावा, असे त्याचे स्वरूप होते. विसाव्या शतकाच्या चाळिशीत हा हक्क एका खाजगी कंपनीकडे गेला, आणि त्यावरून उद्भवलेले वाद आपल्या पिढीपर्यंत चालत आले. बांध राखण्यासाठी दिलेला अधिकार बांध नाहीसे झाल्यावर, शेतेही नाहीशी होऊन इमारती उभ्या राहिल्यावर, कागदावर तसाच राहतो, हा या इतिहासातील एक मोठा धडा आहे. जमिनीवरचे काम संपते, कागद मात्र संपत नाही.

ठाणे जिल्ह्यात याहून जुनी अशी शिलोत्रीची पद्धत होती. खारजमिनीचा बांध ज्याने घातला तो शिलोत्रीदार. बांधाच्या दुरुस्तीखातर त्यास बिघ्यामागे ठरावीक भात मिळे. पद्धत मूळची वाजवी होती. परंतु दुरुस्ती टाळून भात मात्र घेण्याची सवय जेथे लागली, तेथे कसणाऱ्यास दुहेरी भार पडे. भातही द्यावयाचे आणि खांड पडल्यावर फावडे घेऊन धावावयाचेही त्यानेच.

आमच्या बालपणी, म्हणजे १९६० नंतरच्या दशकात, उधाणाच्या रात्री बांधावर गेलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. प्रत्येक घरातून एक गडी, हा गावकीचा दंडक होता. ज्याचे शेत खांडीपासून दूर असेल त्यासही सूट नसे. ज्याच्या घरी आजार असेल त्याच्या वाटचे काम शेजारी करी. कंदिलाच्या उजेडात पेंढा, माती व तिवराच्या फांद्या टाकून खांड बुजविली जाई आणि पहाटे सर्वजण एकाच अंगणात बसून चहा पीत. डोंगरीकडील ख्रिस्ती शेतकरीही आपल्या बाजूचा बांध असाच राखीत, व गरज पडल्यास माणसे इकडची तिकडे जात. नाताळात तिकडून केक येई, गणपतीत इकडून मोदक जात. हे सौजन्य कोणी शिकविले नव्हते. बांध सामाईक होता म्हणून ते आले होते.

कूळकायदा व आमच्या घरची चूक

स्वातंत्र्यानंतरच्या दहा वर्षांत जमिनीच्या कायद्यांत जेवढे फेर झाले, तेवढे आधीच्या दोनशे वर्षांत झाले नव्हते. १९४८ चा मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन कायदा, त्याच वर्षीचा मुंबई खारजमीन कायदा, आणि साष्टीतील इनामी-खोती इस्टेटींची महसूलमाफी काढून घेणारा १९५१ चा कायदा, ही त्यांतील ठळक नावे. कूळकायद्यात पुढे दुरुस्ती होऊन १ एप्रिल १९५७ हा ‘कृषकदिन’ ठरला. त्या दिवशी जे कूळ जमीन कसत होते ते कायद्याने तिचे मालक मानले गेले. किंमत शेतजमीन न्यायाधिकरणाने ठरवावयाची, ती कुळाने हप्त्याने भरावयाची व भरणा पूर्ण झाल्यावर खरेदीचे प्रमाणपत्र घ्यावयाचे, अशी व्यवस्था होती.

शतकानुशतके दुसऱ्याच्या नावावरची जमीन कसणाऱ्या आपल्या समाजास हा केवढा लाभ! पण त्यासाठी चौकशीच्या तारखेस हजर राहून ‘मला जमीन घ्यावयाची आहे’ एवढे सांगणे अगत्याचे होते. जो गैरहजर राहील अथवा नकार देईल, त्याची खरेदी निष्प्रभ ठरत असे. येथे आमच्या घरची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आमच्या आजोबांना नोटीस आली. त्यांना अक्षरओळख नव्हती. सरकारी कागद म्हणजे कर्जाचे काहीतरी बालंट, असे समजून त्यांनी ती नोटीस आढ्यात खोवून ठेवली व तारखेच्या दिवशी ते मिठागरावर कामास गेले. ज्या शेजाऱ्याने आपली नोटीस शाळामास्तरांकडून वाचून घेतली त्याचे नाव सातबाऱ्यावर लागले. आमच्या आजोबांनी पंचवीस वर्षे कसलेला तुकडा हातचा गेला. दोन्ही शेते एकाच बांधाच्या आत होती. अंतर होते ते एका पत्राच्या वाचनाचे. आपल्या मंडळाने शिष्यवृत्त्यांस व वसतिगृहास अग्रक्रम का द्यावा, याविषयी आम्हांस अधिक युक्तिवादाची गरज कधी वाटली नाही.

शहर दारी आले

१८६० नंतरच्या दशकात मुंबई-बडोदे रेल्वे वसईची खाडी ओलांडून गेली. तरी पुढील शंभर वर्षे भाईंदर हे मीठ, भात व मासळीचेच ठिकाण राहिले. मुंबईत घरे मिळेनाशी झाल्यावर १९७० नंतर, व विशेषतः १९८० नंतर, चित्र पालटले. दहिसरची हद्द ओलांडली की जमीन स्वस्त, गाडीची सोय आहे, आणि ग्रामपंचायतीची परवानगी सुलभ, एवढे गणित बांधकाम करणाऱ्यांस पुरेसे होते. १२ जून १९८५ रोजी पाच ग्रामपंचायती मिळून मीरा-भाईंदर नगरपालिका झाली. पुढे डोंगरी, उत्तन व राई-मुर्ध्याकडील ग्रामपंचायतीही तिच्यात आल्या, आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी तिची महानगरपालिका झाली. शिरगणतीचे आकडे पाहावेत. १९९१ साली शहराची वस्ती सुमारे पावणेदोन लक्ष होती. २००१ साली ती ५ लक्ष २० हजारांवर गेली. २०११ साली ८ लक्षांच्या पुढे. वीस वर्षांत साडेचारपटीहून अधिक वाढ! या लोंढ्यात जुन्या गावांतील मूळ रहिवासी किती उरले, याची कल्पना मतदारयादी चाळली तरी येते.

या काळात जमीन कशी गेली, हे नीट समजून घ्यावयास हवे. ती कोणी बळजबरीने हिसकावली असे सरसकट म्हणणे सत्यास धरून होणार नाही. ती गुंठ्या-गुंठ्याने गेली. प्रथम येई विसार. नंतर साठेकरार. नंतर ‘तुम्हांला कचेरीत खेटे नकोत’ या गोड कारणाने कुलमुखत्यारपत्र. या शेवटच्या कागदावर सही केली की जमिनीविषयीचे बहुतेक अधिकार दुसऱ्याच्या हाती जात, आणि मोबदल्याचे उरलेले हप्ते मात्र आपणांस मागत फिरावे लागे. आलेल्या रकमेतून घर बांधले गेले, मोटरसायकल आली, आणि हळदीच्या रात्री पाचशे पाने उठली. धवलारणीचे धवळे ऐकावयास पूर्वी जे आप्त जमत, त्यांच्या जागी ध्वनिवर्धक आला. ज्याने एका मुलाच्या लग्नापायी अर्धा एकर विकला त्याच्या दुसऱ्या मुलाला त्याच जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत पहारेकऱ्याची नोकरी करावी लागली, असे उदाहरण आम्हांस एकच नव्हे, अनेक ठाऊक आहेत.

आणि एक गोष्ट आमच्या स्वतःच्या हातची. १९८८ साली आमच्या घरची राईकडील जमीन विकताना आत्याची सही हवी होती. तिला साडीचोळी करून, जेवावयास बोलावून, हक्कसोडपत्रावर तिचा अंगठा घेतला. तिने विचारले, “दादा, हा कसला कागद?” आमच्या वडिलांनी सांगितले, “सरकारी आहे, भरण्याचा.” आम्ही तेथेच होतो, शिकलेलो होतो, व गप्प राहिलो. आजोबांच्या अज्ञानाने एक शेत गेले, ते क्षम्य म्हणता येईल. आमच्या ज्ञानाने आत्याचा वाटा गेला, त्यास काय म्हणावे? ती पुढे वीस वर्षे जगली व दर भाऊबीजेस आमच्या घरी आली. तिने तो विषय कधी काढला नाही, आणि आम्हीही काढला नाही. आज ती नाही म्हणून हे लिहीत आहोत. ती असताना लिहावयास हवे होते.

चरी, नवी मुंबई व आपण

आपल्या ज्ञातीने जमिनीसाठी लढा दिला नाही असे मात्र कोणी समजू नये. कुलाबा जिल्ह्यात अलिबागजवळील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतांविरुद्ध जो शेतकऱ्यांचा संप झाला, तो १९३३ पासून १९३९ पर्यंत, सुमारे सहा वर्षे चालला. जमीन पडीक ठेवून लोकांनी हाल सोसले, पण फूट पडू दिली नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी या शेतकऱ्यांची बाजू घेतली व १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. पुढे नवी मुंबईसाठी १९७० साली सिडको स्थापन होऊन ठाणे, पनवेल व उरण भागांतील ९५ गावांच्या जमिनी संपादन होऊ लागल्या, तेव्हा दि. बा. पाटील यांनी लढा उभारला. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात झालेल्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मे झाले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ शेतकऱ्यास परत द्यावा, हे तत्त्व त्या रक्ताने मान्य करून घेतले.

मग आपल्या बेटात तसे का झाले नाही? आमच्या मते कारण उघड आहे. चरीस समोर खोत होता, जासईस समोर सरकार होते. एक प्रतिपक्ष दिसला की गाव एक होते. आपल्याकडे प्रतिपक्ष दिसलाच नाही. दर घराच्या दारी निराळा खरेदीदार, निराळा दलाल व निराळा भाव आला. शेजाऱ्याने काय घेतले हे शेजाऱ्यास कळेना. जे गाव उधाणाच्या रात्री न बोलावता एक होत असे, ते व्यवहाराच्या दिवशी एकेकटे पडले. गावकीने जत्रेची वर्गणी ठरविली, पालखीचे मान ठरविले, भांडणे मिटविली. परंतु ‘कोणीही इतक्या भावाखाली व सर्वांना कळविल्याशिवाय जमीन विकू नये’ एवढा एक ठराव तिला करता आला नाही.

जेथे समोर सरकारी योजना आली तेथे मात्र आपली माणसे जागी झाली, हेही नमूद करणे न्यायाचे होईल. गोराई-मनोरी-उत्तन पट्ट्यात पर्यटनविकासाच्या व विशेष आर्थिक क्षेत्राच्या योजनांस कोळी, ख्रिस्ती व आगरी या तिन्ही समाजांनी मिळून विरोध केला. मेट्रोच्या कारशेडसाठी राई-मुर्धा-मोर्वा येथील जागा योजिली गेली, तेव्हा ग्रामस्थांनी हरकती घेतल्या व ती जागा बदलून डोंगरी येथे नेण्यात आली. डोंगरीच्या टेकडीवरील सुमारे १२,४०० झाडे तोडण्याविषयीची सूचना मार्च २०२५ मध्ये निघाल्यावर तेथेही हरकतींचा पाऊस पडला. येथे आपणांस एक प्रश्न विचारावासा वाटतो. आपल्या शेतावरचे संकट टेकडीपलीकडच्या शेजाऱ्याकडे गेले, यात समाधान मानणे बांधाच्या जुन्या धर्मास शोभते काय? खांड राईस पडली तरी पाणी डोंगरीच्या शेतात शिरते, हे आपल्या वाडवडिलांस ठाऊक होते.

बांध, तिवरे आणि कायदा

जमीन न विकलेल्यांची कथाही सुखाची नाही, व ती फारशी सांगितली जात नाही म्हणून येथे थोडी विस्ताराने देतो. शेती परवडेनाशी झाली, मुले कचेरीत व कारखान्यात गेली, आणि बांधावर जाण्यास घरात गडी उरला नाही. १९७९ च्या महाराष्ट्र खारजमीन विकास कायद्याने बांधांची व्यवस्था मुख्यतः सरकारी यंत्रणेकडे गेली. त्यामुळे ‘आता ते बघतील’ ही भावना वाढली. बांध खचले, उघाड्या कुजल्या, भरतीचे पाणी पूर्ववत आत येऊ लागले. आणि जेथे भरती येते तेथे तिवरे उगवतात, हा निसर्गाचा नियम आहे. दहा-पंधरा वर्षांत भातशेताचे तिवरांचे रान झाले.

२००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने तिवरांची तोड व त्यांवरील भराव यांस मनाई केली आणि २०१८ च्या अंतिम निर्णयात ती कायम केली. या निर्णयास सबळ कारण आहे. २६ जुलै २००५ च्या महापुराने खाड्या बुजविण्याचे परिणाम सर्वांस दाखविले होते. शिवाय तिवरे म्हणजे मासळीचे पाळणाघर, हे कोळी बांधव पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. तेव्हा या कायद्यास दोष देऊन आपले काम भागणार नाही. परंतु परिणाम असा की, सातबाऱ्यावर ‘भात’ असलेल्या जमिनीत आज मालकास कुदळ मारता येत नाही. ज्याने बांध राखला त्याचे शेत शेतच राहिले. ज्याने सोडला त्याचे शेत समुद्राने परत घेतले व कायद्याने त्यावर शिक्का मारला. जमिनीवरील मालकी ही कागदाने मिळते, परंतु ती टिकते वापराने व राखणीने, हे सत्य इतक्या स्पष्टपणे दुसरीकडे क्वचितच पाहावयास मिळेल.

आता काय करावे

गेलेल्याचा शोक करीत बसणे हा या लेखाचा हेतू नाही. अजूनही आपल्या पुष्कळ घरांकडे थोडी शेते, वाडी वा निदान गावठाणातील घर आहे. त्याविषयी चार गोष्टी नम्रपणे सुचवितो.

पहिली : प्रत्येक घराने आपले कागद एकदा बाहेर काढावेत. सातबारा, फेरफार, खरेदीचे प्रमाणपत्र, घरपट्टीच्या पावत्या यांची यादी करून सुशिक्षित मुलामुलींकडून ती वाचून घ्यावी. आजोबांचे नाव अजून तसेच असेल तर वारसनोंद करून घ्यावी. कूळकायद्याने मिळालेली जमीन पूर्वी जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीवाचून विकता येत नसे. २०१४ च्या दुरुस्तीने, प्रमाणपत्रास दहा वर्षे झाली असल्यास, आकाराच्या चाळीसपट नजराणा भरून ही अट सैल झाली आहे. ही माहिती नसल्याने कित्येक जण आजही दलालाच्या तोंडाकडे पाहतात.

दुसरी : गावठाणातील घरांची हद्द व मालमत्तापत्रक यांची चौकशी करावी. शेत गेले तरी घर आहे, असे आपण म्हणतो. पण घराखालच्या जमिनीचा कागद अनेकांकडे नाही.

तिसरी : कुलमुखत्यारपत्रावर, मग समोरचा माणूस कितीही गोड बोलणारा असो, वकिलास दाखविल्याशिवाय सही करू नये. मंडळाच्या कार्यालयात आठवड्यातून एक सायंकाळ जाणत्या ज्ञातिबांधवांनी यासाठी द्यावी. पूर्वी घरटी एक गडी बांधावर जात असे. आता घरटी नको, साऱ्या गावाने मिळून एक जाणता माणूस द्यावा.

चौथी व आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची : लेकीबहिणींचा वाटा. १९५६ च्या वारसा कायद्याने, महाराष्ट्राच्या १९९४ च्या दुरुस्तीने व २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने मुलीस हक्क दिला आहे, आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने तो जन्मसिद्ध असल्याचे निःसंदिग्ध सांगितले आहे. बहिणीने स्वखुशीने हक्क सोडणे निराळे, व तिला कागद न वाचू देता सोडविणे निराळे. यापुढे आपल्या ज्ञातीत कोणाचेही हक्कसोडपत्र तिला मोठ्याने वाचून दाखविल्याखेरीज होऊ नये, असा ठराव मंडळाने येत्या वार्षिक सभेत करावा, अशी आमची विनंती आहे. ठराव मांडण्यास आम्ही स्वतः उभे राहू. त्या वेळी कारण विचारले गेल्यास, आत्याची गोष्ट सभेपुढे सांगण्याचीही आमची तयारी आहे.

आपल्या पूर्वजांनी समुद्रापासून जमीन सोडवून घेतली ती एकेकट्याने नव्हे. ती राखली तीही एकेकट्याने नव्हे. गेली ती मात्र एकेकट्याने. यातून जो बोध घ्यावयाचा तो सूज्ञ वाचकांस वेगळा सांगावयास नको. परमेश्वर आपणां सर्वांस तशी बुद्धी देवो. इत्यलम्.